पेठेतली वाहतूक कोंडी: मोजणीपासून अधिसूचनेपर्यंत काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचं

वाहतूक कोंडीचं निवेदन बहुतेक वेळा एकाच साच्यातलं असतं. आमच्या भागात रोज कोंडी होते, तरी एकेरी मार्ग करावा, सिग्नल बसवावा, अतिक्रमण काढावे. खाली पन्नास सह्या, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, आणि पुढे काहीच नाही. कधीकधी मागितलेलं मिळतं, पण मग कोंडी शेजारच्या गल्लीत जाऊन बसते आणि ती गल्ली निवेदन घेऊन निघते.

चूक क्रमाची आहे. उपाय आधी मागितला जातो आणि कारण नंतर शोधलं जातं. ज्यांच्या पोटावर परिणाम होणार त्यांना सगळ्यात शेवटी विचारलं जातं. आणि चाचणी न घेता थेट कायमचा बदल मागितला जातो. खालचा क्रम कोल्हापुरातल्या एका रस्त्यासाठी किंवा एका चौकासाठी आहे. तालीम मंडळ, व्यापाऱ्यांची संघटना, अपार्टमेंटची सोसायटी, कुणीही तो वापरू शकतं. पहिल्या बैठकीपासून चाचणीपर्यंत तीन-चार महिने धरून चला. त्याहून घाई केली तर मोजणी कच्ची राहते, आणि कच्ची मोजणी पहिल्याच संयुक्त पाहणीत उघडी पडते.

## १. हद्द ठरवा

‘महाद्वार रोडची कोंडी’ ही हद्द नव्हे. ‘बिनखांबी गणेश मंदिर ते पापाची तिकटी’ ही हद्द. दोन टोकं नावानिशी लिहा आणि लांबी शक्यतो पाचशे मीटरच्या आत ठेवा. त्यापेक्षा मोठा पट्टा घेतला तर त्यात तीन वेगळी दुखणी असतात आणि प्रत्येकाला वेगळं औषध लागतं.

आता त्या पट्ट्याला जोडणाऱ्या सगळ्या गल्ल्या आणि समांतर रस्ते त्याच नकाशावर काढा. महाद्वार रोड घेतला तर गुजरी, ताराबाई रोड, भाऊसिंगजी रोड, गंगावेशकडे जाणारा रस्ता हे सगळं आलंच. तुमच्या रस्त्यावर जे कराल त्याचा धक्का आधी यांना बसणार. साध्या कागदावर हाताने काढलेला नकाशा चालतो, पण दुकानं, शाळा, दवाखाना, रिक्षा थांबा, केएमटीचा (महापालिकेच्या बससेवेचा) थांबा, डीपी (विजेची वितरण पेटी), विजेचे खांब आणि झाडं त्यावर असलीच पाहिजेत.

तपासा: रस्त्याची रुंदी टेप लावून मोजा, तीही तीन ठिकाणी. त्यातली सगळ्यात अरुंद जागा कुठली ते लिहा. बरेचदा सगळा रस्ता ठीक असतो आणि दहा मीटर लांबीचा एक अरुंद गळा सगळी गंमत करतो.

## २. रस्ता कोणाचा, अधिकार कोणाचा

इथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. निवेदन महापालिकेत दिलं जातं आणि मागणी पोलिसांच्या अधिकारातली असते. किंवा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा निघतो आणि महापालिका हात वर करते. तावडे हॉटेल, उचगाव, शिरोली या बाजूला राष्ट्रीय महामार्गाचा विषय येतो, तिथे तर अजून एक कार्यालय वाढतं. म्हणून आधी शहर अभियंत्यांच्या कार्यालयात जाऊन रस्ता कोणाच्या ताब्यात आहे ते लेखी घ्या.

त्यानंतरची वाटणी साधारण अशी:

- एकेरी मार्ग, अवजड वाहनांना बंदी, नो पार्किंग, सम-विषम पार्किंग: मोटार वाहन अधिनियम १९८८ ची कलमं ११५ ते ११७ आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३३. कोल्हापुरात पोलीस आयुक्तालय नाही. त्यामुळे विषय शहर वाहतूक शाखेमार्फत जिल्हा पोलीस अधीक्षक आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो.
- रस्त्याची रुंदी, फूटपाथ, दुभाजक, पट्टे, फलक, सिग्नलचा खर्च: महापालिका.
- रिक्षा थांबा: आरटीओ, वाहतूक शाखा आणि महापालिका, तिघांची संयुक्त पाहणी मागा.
- बसचा मार्ग, थांबा, फेऱ्यांची वेळ: महापालिकेचाच परिवहन विभाग, म्हणजे केएमटी.
- फेरीवाले: २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखालची नगर पथविक्रेता समिती. महापालिका आयुक्त अध्यक्ष असतात आणि किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असावे लागतात.

सावध: ‘फेरीवाले हटवा’ ही मागणी एका ओळीत लिहून मोकळं होऊ नका. त्या कायद्यानुसार सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत विक्रेत्याला उठवता येत नाही. अशी मागणी कायद्यातच अडकते आणि तुमचा बाकीचा प्रस्तावही तिच्याबरोबर पडून राहतो. जागा बदलायची असेल तर नवी जागा तुम्हीच सुचवा, समितीचा विषय म्हणून सुचवा, आणि आधी त्या विक्रेत्यांशी बोला.

## ३. मोजणी

सगळ्या कामाचा कणा हाच. आठ-दहा कार्यकर्ते, पॅड, पेन आणि मोबाईलचं घड्याळ एवढ्यावर होते. कॉलेजची मुलं घ्या, पण त्यांना आधी अर्धा तास रस्त्यावर उभं करून सराव करून घ्या.

### कधी मोजायचं

एक कामाचा दिवस, एक शनिवार, एक रविवार. सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी सहा ते नऊ. शाळा असेल तर शाळा भरताना आणि सुटतानाचा पाऊण तास वेगळा. तुमच्या भागातल्या दुकानांच्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस टाळा. लक्ष्मीपुरीसारख्या ठिकाणी आठवडी बाजाराचा दिवस वेगळा मोजा. तो सरासरीत घातला की सगळेच आकडे बिघडतात.

नवरात्र, गणपती, जोतिबाची चैत्र यात्रा, मे आणि डिसेंबरमधला पर्यटकांचा लोंढा या काळातली मोजणी मूळ मोजणी म्हणून वापरू नका. ती गर्दी खरी आहे, तिचं नियोजनही लागतं, पण ते स्वतंत्र पान. तसंच जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर आला की रत्नागिरी आणि पन्हाळ्याकडची वाहतूक वळते आणि शहरातले रस्ते नेहमीसारखे राहत नाहीत. ऊस हंगामात कसबा बावडा आणि फुलेवाडी बाजूला ट्रॅक्टर-ट्रॉल्या वाढतात. तिथली मोजणी हंगामात एकदा आणि हंगामाबाहेर एकदा अशी दोनदा करा.

### काय मोजायचं

पहिला तक्ता वाहनांचा. पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने पाडा आणि दुचाकी, रिक्षा, मोटार, वडापच्या (सीटवर प्रवासी नेणाऱ्या खासगी) गाड्या, टेम्पो, ट्रक, केएमटी आणि एसटी, सायकल, हातगाडी असे वेगळे लिहा. चौकात मोजत असाल तर प्रत्येक वाहन सरळ गेलं, डावीकडे वळलं की उजवीकडे, हेही हवं. उजवीकडे वळणारी थोडीशी वाहनं समोरून येणारा अख्खा प्रवाह अडवतात. पण किती वळतात ते न मोजता सिग्नल मागितला, तर सिग्नलही तसाच तुंबतो.

नुसती बेरीज करून ‘तासाला दीड हजार वाहनं’ असं लिहू नका. सगळी वाहनं सारखी जागा खात नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेसचे शहरी रस्त्यांचे निकष मोटार १ धरून बाकीच्यांचा भार ठरवतात: दुचाकी ०.५ ते ०.७५, रिक्षा १.२ ते २, बस किंवा ट्रक २.२ ते ३.७, हातगाडी २ ते ३, ट्रॅक्टर-ट्रॉली ४ ते ५. रस्त्यावर त्या प्रकारची वाहनं किती प्रमाणात आहेत यावर कमी-जास्त धरतात. तुमचा तक्ता या एककात मांडला की अभियंता तो बाजूला सारू शकत नाही.

शेजारी एक रकाना माणसांचा ठेवा. भरलेली केएमटी बस तीन-चार मोटारींएवढी जागा घेते आणि चाळीसेक माणसं नेते. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणातच रस्त्याची जागा वाहनांपेक्षा माणसांचा विचार करून वाटावी असं म्हटलं आहे. त्या धोरणाचा आधार घ्यायचा तर माणसं मोजलेली पाहिजेत. चालणारेही मोजा. आमच्याकडच्या मोजण्यांत पादचारी सरसकट गळतात, आणि पेठांमध्ये तेच सगळ्यात जास्त असतात.

### पार्किंगची मोजणी

दुसरा तक्ता उभ्या वाहनांचा. माझ्या मते पेठेतल्या आणि बाजारपेठेतल्या निम्म्याहून अधिक भांडणांचा निकाल हाच तक्ता लावतो, म्हणून यावर जरा जास्त वेळ घालवा.

रस्त्याच्या एका बाजूचा शंभर मीटरचा तुकडा घ्या. सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत दर अर्ध्या तासाने एकाने त्या तुकड्यावरून चालत जायचं आणि उभ्या असलेल्या प्रत्येक वाहनाच्या नंबरचे शेवटचे चार आकडे ओळीने लिहायचे. एवढंच. संध्याकाळी कागद समोर ठेवले की दिसतं: १०:०० च्या रकान्यातला आकडा १०:३० ला आहे, ११:०० ला आहे, दुपारी दोनला आहे, सातलाही आहे. तो कुणी गिऱ्हाईक नव्हे. ती दुकानदाराची, कामगाराची किंवा वरच्या मजल्यावर राहणाऱ्याची गाडी.

आता गणित करा. रस्त्याला काटकोनात लावल्या तर एका मीटरला साधारण एक दुचाकी बसते, म्हणजे शंभर मीटरला शंभर. त्या शंभर गाड्या दिवसभर हलल्याच नाहीत तर जागा शंभर जणांनाच मिळाली. प्रत्येक गाडी अर्ध्या तासाने हलली तर दहा तासांत तीच जागा दोन हजार जणांना मिळते. ‘पार्किंग बंद केलं तर धंदा बसेल’ असं म्हणणाऱ्या व्यापाऱ्यासमोर हा कागद ठेवा. वाद घालू नका, फक्त कागद ठेवा. बहुतेक वेळा मग चर्चा ‘पार्किंग हवं की नको’ यावरून ‘आपल्या स्वतःच्या गाड्या कुठे लावायच्या’ यावर येते, आणि तिथेच खरा मार्ग सुरू होतो.

सावध: नंबरप्लेटचे फोटो काढू नका आणि पूर्ण नंबर लिहू नका. कोणाची गाडी ते आपल्याला शोधायचं नाही. एखाद्या दुकानदाराचं नाव बैठकीत घेतलं की बैठक तिथेच संपली म्हणून समजा.

### अडथळ्यांची नोंद

तिसरा कागद साधा आहे. एकाने एका जागी उभं राहून जेव्हा जेव्हा वाहतूक थांबली तेव्हा तेव्हा वेळ आणि कारण लिहायचं. मालाचा टेम्पो उतरवत होता. रिक्षाने मध्येच प्रवासी घेतला. केएमटीच्या थांब्यावर रिक्षा उभी होती म्हणून बस रस्त्यातच थांबली. कचऱ्याची गाडी. उघडं चेंबर. खोदलेला चर. शाळेची व्हॅन उलटी वळली. दोन संध्याकाळींत कारणांची क्रमवारी आपोआप लागते, आणि ती बहुतेक वेळा कट्ट्यावर बसून ठरवलेल्या क्रमवारीपेक्षा वेगळी निघते.

तपासा: सिग्नल असलेल्या चौकात एक जास्तीची नोंद करा. हिरवा दिवा लागताना रांगेत शेवटी असलेलं वाहन त्याच हिरव्यात पार झालं का? वीस वेळा बघा. सारखं ‘नाही’ येत असेल तर दिव्याची वेळ चुकीची आहे किंवा चौकाच्या पुढे काहीतरी अडलं आहे. पुढे अडलं असेल तर वेळ वाढवून काही होणार नाही.

## ४. कारणानुसार उपाय निवडा

तिन्ही कागद शेजारी ठेवा. आता पहिल्यांदा ‘उपाय’ हा शब्द काढायचा.

रस्ता उभ्या वाहनांनी अडत असेल तर एकेरी मार्ग करून काही होत नाही. एकेरी झालेल्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना गाड्या लागतात आणि आहे ती जागाही जाते. तिथे उपाय पार्किंगचा: एक बाजू मोकळी, सम-विषम तारखा, ठराविक वेळेपुरती मुभा, आणि दिवसभराच्या गाड्यांसाठी चालत पाच-सात मिनिटांवर जागा.

माल उतरवण्याने अडत असेल तर वेळ ठरवा. सकाळी अमुक वाजेपर्यंत आणि रात्री अमुक वाजल्यानंतर. पण हमाल, ट्रान्सपोर्टवाले आणि दुकानदार यांच्याशी बोलून ठरवा. लक्ष्मीपुरीच्या धान्य बाजारात हमालांच्या सोयीचा विचार न करता ठरवलेली वेळ एक आठवडाही टिकणार नाही.

उजव्या वळणाने अडत असेल तर ते वळण गर्दीच्या वेळेपुरतं बंद करून पुढच्या चौकातून फिरवता येतं का बघा. शाळेने अडत असेल तर दोन शाळांच्या सुट्टीच्या वेळेत वीस मिनिटांचं अंतर मागा. यात एक रुपयाही खर्च नाही, मुख्याध्यापकांच्या एका बैठकीत होऊ शकतं, आणि तरीही सगळ्यात कमी वेळा मागितलं जातं.

खरोखरच वाहनांची संख्या रस्त्याच्या आवाक्याबाहेर गेली असेल तरच एकेरी मार्गाकडे या. आणि तेव्हाही चार प्रश्नांची उत्तरं लिहून काढा. परतीची वाहतूक कोणत्या रस्त्याने जाणार आणि तो रस्ता किती रुंद आहे? केएमटीचा परतीचा थांबा कुठे जाणार आणि म्हाताऱ्या माणसाला किती चालावं लागणार? सीपीआर या सरकारी रुग्णालयाकडे जाणाऱ्या रुग्णवाहिकेला आणि अग्निशमनच्या बंबाला वाट कशी? आणि एकेरी झाल्यावर वाहनांचा वेग वाढतो, तेव्हा रस्ता ओलांडायचा कुठून?

सावध: वेग वाढेल म्हणून लगेच स्पीड ब्रेकर मागितले जातात, आणि मग सिमेंटचे उंचवटे कुणीतरी रात्रीत घालून मोकळं होतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषात गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, आधी फलक असतो आणि रंगाचे पट्टे असतात. यापेक्षा वेगळा घातला तर रात्री दुचाकीवाला पडतो.

## ५. लोकांना बसवा, पण आधी वेगवेगळं

एकदम सगळ्यांची जाहीर सभा घेऊ नका. पहिल्या सभेत जो मोठ्याने बोलतो त्याचं मत भागाचं मत म्हणून नोंदलं जातं, आणि नंतर ते फिरवता येत नाही.

आधी छोट्या बैठका: दुकानदार, रिक्षावाले, फेरीवाले, रहिवासी, शाळेचे पालक. फेरीवाल्यांना संध्याकाळी बोलावलं तर कुणी येणार नाही, तो त्यांच्या धंद्याचा वेळ. त्यांच्याकडे दुपारी जा, त्यांच्या गाड्यांपाशी उभं राहून बोला. बायकांची बैठक वेगळी घ्या. अंधारी गल्ली, फूटपाथवर लावलेल्या मोटारी, मुलाला हाताला धरून ओलांडायचा चौक हे विषय तिथेच निघतात. तालमीतल्या बैठकीत ते निघत नाहीत. केएमटीच्या चालक-वाहकांना विसरू नका. त्या रस्त्यावरून दिवसात अनेक वेळा जाणारा माणूस कुठे अडतं ते अचूक सांगतो.

प्रत्येक बैठकीत तोच नकाशा आणि तेच तीन कागद दाखवा. दोनच प्रश्न विचारा: यात काय चुकलंय? आणि हा बदल झाला तर तुमचं नेमकं काय अडेल? उत्तरं नावाशिवाय पण गटवार लिहून ठेवा.

मग एकत्र बैठक. ती तालमीत घ्या, शाळेच्या हॉलमध्ये घ्या, कुठेही घ्या, पण कुठल्याही पक्षाच्या बॅनरखाली नको. कोल्हापुरात कृती समिती उभी राहायला वेळ लागत नाही आणि टोलविरोधी आंदोलनाने या शहराची एकी सगळ्यांना दाखवलीही आहे. मात्र आंदोलनात मागणी एक असते, इथे प्रत्येकाला थोडं थोडं सोडायचं असतं. म्हणून घोषणा, रास्ता रोको, पेपरबाजी या टप्प्यावर बाजूला ठेवा. एकदा जाहीर भूमिका घेतली की माणूस मागे येऊ शकत नाही.

तपासा: बैठकीच्या इतिवृत्तात विरोधाचे मुद्दे आहेत का? नसतील तर इतिवृत्त अपुरं आहे. विरोध लपवलेला प्रस्ताव हरकतींच्या टप्प्यावर कोसळतो.

## ६. प्रस्ताव लिहा

चार पानांच्या वर नको. पहिल्या पानावर नकाशा आणि हद्द. दुसऱ्यावर मोजणीचा गोषवारा, मूळ तक्ते मागे जोडलेले. तिसऱ्यावर मागणी, आणि ती अशी सुटी सुटी करून की कुठली ओळ कोणत्या कार्यालयाची ते वाचणाऱ्याला लगेच कळावं. चौथ्यावर विरोधाचे मुद्दे आणि त्यावरचा तोडगा.

मागणीची भाषा नेमकी ठेवा. ‘पार्किंगची योग्य ती व्यवस्था व्हावी’ यावर कुणीच काही करू शकत नाही. ‘अमुक दुकानापासून अमुक चौकापर्यंत, रस्त्याच्या पूर्वेच्या बाजूला, सकाळी १० ते रात्री ८ चारचाकी पार्किंगला मनाई, ३० दिवसांच्या प्रायोगिक तत्त्वावर’ यावर आदेश निघू शकतो.

शेवटी यश आणि अपयश कशाला म्हणायचं तेही आधीच लिहा. उदाहरणार्थ: संध्याकाळी सात वाजता या टोकापासून त्या टोकापर्यंत रिक्षाला लागणारा वेळ कमी झाला पाहिजे, आणि समांतर गल्लीतला वेळ वाढता कामा नये. दोन्ही अटी हव्यात. एकच अट लिहिली तर कोंडी ढकलणारा उपायही यशस्वी ठरतो.

## ७. दाखल करा आणि मागे लागा

एकाच पत्राच्या प्रती पाच कार्यालयांना पाठवून ‘प्रत माहितीसाठी’ असं लिहिलं की पाचही जण ती माहितीसाठीच ठेवतात. प्रत्येक कार्यालयाला त्याच्या मागणीपुरतं स्वतंत्र पत्र द्या. आवक क्रमांक आणि शिक्क्यासह पोच घ्या. पोच नसलेलं पत्र दिलंच नाही असं समजा.

पत्र देताना एकच विनंती जोर देऊन करा: संयुक्त पाहणीची तारीख. वाहतूक शाखा, महापालिकेचा अभियंता, केएमटी आणि गरज असेल तर आरटीओ एका वेळी रस्त्यावर आले पाहिजेत, आणि तेही कोंडीच्या वेळी. सकाळी साडेअकराच्या मोकळ्या रस्त्यावर झालेली पाहणी तुमच्या विरोधातच जाते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. अपघाताचा धोका असेल तर विषय तिच्या बैठकीत घ्यावा अशी मागणी करा.

लोकशाही दिनात हा प्रस्ताव नेऊ नका. तिथे वैयक्तिक स्वरूपाच्या तक्रारी घेतल्या जातात, सार्वजनिक मागणी परत येते आणि महिना जातो.

महिनाभरात हालचाल दिसली नाही तर माहिती अधिकार वापरा. अर्ज एकाच विषयावर, दीडशे शब्दांच्या आत, दहा रुपये शुल्क. ‘आमच्या प्रस्तावाचं काय झालं’ असं न विचारता अमुक आवक क्रमांकाच्या पत्रावरील टिप्पणीची प्रत मागा. उत्तर ३० दिवसांत अपेक्षित असतं. आलं नाही तर त्यानंतरच्या ३० दिवसांत पहिलं अपील. राग म्हणून वापरू नका. टिप्पणीत अडचण काय लिहिली आहे ते कळलं की अर्धं काम होतं.

पट्टे, फलक, बोलार्ड (वाहनं अडवणारे छोटे खांब), सिग्नल अशी खर्चाची मागणी असेल तर वेळ सांभाळा. महापालिकेचं अंदाजपत्रक एक एप्रिलपासून लागू होतं आणि त्याची जुळवाजुळव आधीच्या हिवाळ्यात चालते. दिवाळीनंतर लगेच प्रस्ताव आत गेला पाहिजे. मे महिन्यात गेलेल्या पत्राला ‘तरतूद नाही’ हे उत्तर ठरलेलं.

## ८. चाचणीचा महिना

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ११५ मध्ये एक सोय आहे. निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त काळासाठी नसेल तर राजपत्रात अधिसूचना लागत नाही, पण स्थानिक पातळीवर प्रसिद्धी द्यावी लागते, आणि कलम ११६ प्रमाणे फलक लावावे लागतात. म्हणजे चाचणीचा रस्ता कायद्यातच आहे. कायमची मागणी घेऊन गेलात तर प्रत्येक अधिकारी विचार करेल. महिन्याची मागणी मान्य करणं त्याला सोपं जातं.

सुरुवात सोमवारी किंवा महिन्याच्या एक तारखेला करा, सणाच्या आठवड्यात नको. आधीचे आठ दिवस प्रसिद्धी: दुकानातून हँडबिलं, रिक्षाच्या मागे स्टिकर, मंडळांचे व्हॉट्सॲप ग्रुप, शाळेच्या वह्यांतून चिठ्ठी. फलक मराठीत मोठ्या अक्षरात. बाहेरगावचा पर्यटक अंबाबाईला येतो त्या रस्त्यांवर हिंदी आणि कन्नडमध्येही लावा. बेळगाव-निपाणीकडून येणारा माणूस तुमचा व्हॉट्सॲप ग्रुप वाचत नाही.

पहिले चार-पाच दिवस गोंधळ होतो. तो बघून चाचणी बंद पाडायची मागणी येते. तेव्हा घाबरून निर्णय घेऊ नका. लोकांच्या सवयी बदलायला दोन आठवडे लागतात, म्हणून तिसऱ्या आठवड्यातच मोजणी करा. तेच वार, त्याच वेळा, तेच तक्ते, शक्यतो तीच माणसं. समांतर गल्लीचीही मोजणी करा.

सावध: कार्यकर्त्यांनी वाहन अडवायचं नाही, काठी लावायची नाही, चावी काढायची नाही. तो अधिकार फक्त पोलिसांचा. स्वयंसेवकाने वळणावर उभं राहून हाताने दिशा दाखवावी, हसून सांगावं, ऐकलं नाही तर सोडून द्यावं. एका बाचाबाचीने महिन्याचं काम वाया जातं.

दुकानदारांसाठी एक वही ठेवा. ज्याचं नुकसान होतंय असं वाटतं त्याने रोज गिऱ्हाइकांची संख्या लिहावी, आधीच्या महिन्याची आठवण न लिहिता त्या दिवशीचीच लिहावी. नुकसान खरं असेल तर पाचशे मीटरमधल्या कोणत्या टोकाला आहे ते त्यातून कळतं. मग सगळा बदल रद्द न करता तेवढ्याच टोकाला माल चढवण्या-उतरवण्याची किंवा पंधरा मिनिटं थांबण्याची जागा देता येते.

## ९. कायम करा आणि टिकवा

चाचणी तुमच्याच अटींवर उतरली तर पुन्हा संयुक्त बैठक मागा, दोन्ही मोजण्या शेजारी ठेवा आणि कायमच्या अधिसूचनेची मागणी करा. त्या टप्प्यावर हरकती आणि सूचना मागवल्या तर तुमच्या भागातल्या लोकांनी पाठिंब्याची पत्रंही लेखी द्यायला हवीत. हरकती घेणारे लिहितात, समाधानी असणारे घरी बसतात, आणि फाईलवर फक्त विरोध दिसतो.

चाचणी उतरली नाही तर तसं स्पष्ट लिहून द्या आणि चौथ्या टप्प्याकडे परत जा. तुमचे आकडे विश्वासाचे आहेत हे त्यातून कळतं आणि पुढच्या वेळी तुमचं पत्र आधी उघडलं जातं.

आदेश निघाल्यावरची तपासणी नागरिकांनीच करायची असते:

- जुने, उलट अर्थाचे फलक काढले का? एकाच खांबावर ‘पार्किंग’ आणि ‘नो पार्किंग’ दोन्ही असतील तर दंडाची कारवाई टिकत नाही.
- फलक झाडाच्या फांदीमागे किंवा वाढदिवसाच्या डिजिटल फलकामागे गेलाय का?
- केएमटीच्या थांब्यापुढची जागा मोकळी आहे का? बस कडेला लागली नाही तर सगळं मुसळ केरात.
- हातगाड्या ठरलेल्या नव्या जागेवर आहेत का, आणि तिथे दिवा आणि पाणी दिलंय का?

क्रेनची कारवाई पहिल्या महिन्यात रोज असावी, नंतर अनियमित वेळी. ठरलेल्या वेळी येणाऱ्या क्रेनची वेळ आठवड्यात सगळ्यांना पाठ होते.

तीन महिन्यांनी एका संध्याकाळी फक्त सात ते आठ मोजणी करा आणि ती वाहतूक शाखेला द्या. कोल्हापूरच्या पावसात रस्त्यावरचे पट्टे पुसट होतात, त्यामुळे पाऊस उघडताच रंग मारून घेण्याचं पत्र दरवर्षी ऑगस्टअखेर महापालिकेत गेलं पाहिजे. नवरात्रासाठी शहरातले मार्ग बदलतात तेव्हा तुमच्या रस्त्यावरचे तात्पुरते बॅरिकेड आणि कापडी फलक दसऱ्यानंतर उतरवले का तेही बघा. राहिले असतील तर त्यांचा फोटो आणि मूळ आदेशाची प्रत जोडून दुसऱ्याच दिवशी पत्र द्या.